इंट्रॉनबाई

आमच्या इंट्रॉनबाई रोज सकाळी आपल्या वैऱ्यासाठी दीर्घायुष्य मागत असत. अंघोळ झाली की कपाळाला विभूती लावून, डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन त्या बसत. पूजा आटोपली की मोठ्यानं म्हणत, "सरांना लई आयुष्य दे. डोळे, कान, अक्कल, सगळं शाबूत ठेव." मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांच्या लातूरच्या घरी भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा सुशीला खात बसले होते. मला वाटलं, केवढी ही गुरुभक्ती! मी तसं बोलूनही गेले. बाई आसन गुंडाळत म्हणाल्या, "भक्ती कशाची गं शैला? माणूस मेला, न्हाईतर येडा झाला, तर मी कुणाला दाखवू? मला तो जित्ता पाहिजे."

लातूरच्या एका मोठ्या क्लासमध्ये आम्ही दोघी बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवायचो. वनस्पती माझ्याकडं, प्राणी आणि आनुवंशिकता बाईंकडं. त्या मूळच्या जळकोटच्या. वडील अप्पा भुसार मालाचे व्यापारी, घरात शिक्षणाची फारशी ओढ नव्हती, पण ही एकुलती एक मुलगी नांदेडला जाऊन संशोधन करायचं म्हणाली तेव्हा अप्पांनी लग्नाला आलेली स्थळं परत पाठवली होती. वर्गात बाई पुस्तकी मराठी बोलत. राग आला किंवा माया आली की थेट जळकोटचं बोलत. दोन्ही प्रसंगी आवाज सारखाच असायचा, त्यामुळं नवीन मुलं गोंधळत.

इंट्रॉनबाई हे नाव मुलांनीच पाडलं. जनुकात मधेमधे असे तुकडे असतात की ज्यांच्यापासून प्रथिन बनत नाही. पेशी जनुकाची नक्कल काढते, हे तुकडे कापून टाकते आणि उरलेलं जोडून घेते. या कापलेल्या तुकड्यांना इंट्रॉन म्हणतात. परीक्षेला यावर फार तर एखादा प्रश्न येतो. क्लासच्या मालकांनी बाईंना सांगून ठेवलं होतं की मॅडम, हे दोन वाक्यांत उरका. बाई त्यावर दिवसच्या दिवस घालवत. एका मुलानं हा कचरा कशाला शिकायचा असं विचारलं, तर दुसऱ्या दिवशी त्या टेबलावर उसाची मोळी घेऊन आल्या. प्रत्येकाला एकेक तुकडा दिला, खायला लावला आणि मग म्हणाल्या, कांडं चावून गाठ थुंकलीत ना? आता सांगा, नवीन ऊस लावायचा तर डोळा कुठं असतो? शेतकऱ्यांची पोरं ती. डोळा गाठीवरच असतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या वर्षीपासून त्या वर्गात कुणी इंट्रॉनला कचरा म्हटलं नाही.

बाईंना राग धरता यायचा. सगळ्यांनाच राग येतो, पण धरून ठेवणं वेगळं. एका भाजीवाल्यानं त्यांना एकदा आतून किडलेली वांगी दिली. तेव्हापासून भर मे महिन्यात त्या गंजगोलाईच्या बाजारापर्यंत चालत जात, पण कोपऱ्यावरच्या त्या गाड्यावर थांबत नसत. तो बिचारा हाका मारायचा, माफी मागायचा. बाई त्याच्यासमोरून दुसऱ्याकडची वांगी दिसतील अशी पिशवी धरून जायच्या. मालकांनी एका वर्षी चौकातल्या फलकावरून त्यांचं नाव गाळून नव्या मास्तरांचं टाकलं. बाई हसून "हाव, चालतंय" म्हणाल्या. शेवटच्या पेपरापर्यंत मन लावून शिकवलं आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशी समोरच्या क्लासला गेल्या. पुढच्या वर्षीची निम्मी पोरं त्यांच्या मागं गेली. मीही गेले.

नव्या क्लासच्या स्टाफरूममध्ये, धपाटे आणि शेंगांची चटणी खाता खाता, त्यांनी मला नांदेडची सगळी गोष्ट सांगितली. विद्यापीठातल्या ज्या गाइडकडं त्या पीएच.डी. करत होत्या, त्यांचं नाव त्या कधीच घेत नसत. 'सर' एवढंच म्हणत, आणि तो शब्द त्यांच्या तोंडी शिवीसारखा वाटे. त्या काळी बाई अर्धापूरच्या केळीच्या बागांमधून फिरत. करपा रोग पडलेली पानं गोळा करायच्या, त्यांवरची बुरशी वाढवायच्या, तिची जनुकं वाचून घ्यायच्या आणि ती इतर बुरशींच्या जनुकांशेजारी ठेवून बघायच्या. त्यांना दिसलं असं की करप्याच्या बुरशीत काही ठिकाणी इंट्रॉन आहेत आणि तिच्या भाऊबंदांमध्ये त्याच ठिकाणी ते नाहीत. म्हणजे हे तुकडे नव्यानं शिरलेत, असं त्यांनी लिहिलं. सर खूश झाले. वाचून ठेवतो म्हणाले.

त्याच सुमारास अप्पा आजारी पडले. बाई जळकोटला गेल्या आणि अप्पा जाईपर्यंत तिथंच राहिल्या. मधल्या काळात औषधं आणायला उदगीरला गेल्या की तिथल्या इंटरनेट कॅफेत बसायच्या. मातीतल्या एका अमीबाची जनुकं तेव्हा नुकतीच सगळ्यांना बघायला खुली झाली होती. बाईंनी सहज आपली जागा तिथं शोधली, तर त्या अमीबाच्या जनुकात, अगदी त्याच ठिकाणी, इंट्रॉन होता. दुसऱ्या जनुकात पाहिलं, तिथंही होता. बुरशी आणि अमीबा यांच्या वाटा कोट्यवधी वर्षांपूर्वी फुटल्या. दोघांत ठिकठिकाणी एकाच जागी तेच तुकडे नव्यानं शिरायची शक्यता जवळजवळ नसते. म्हणजे ते दोघांच्या सामाईक पूर्वजातच होते. करप्याच्या बुरशीनं ते जपले होते, बाकीच्यांनी गमावले होते. बाई मला सांगताना बोटानं टेबलावर टकटक करत म्हणाल्या, "आलेलं न्हवतं ते. राहिलेलं होतं. मी उलटं वाचलं होतं."

अप्पांची माती झाली आणि बाई ही चूक सांगायला धावत नांदेडला गेल्या. सरांच्या टेबलावर नुकतंच छापून आलेलं मासिक पडलं होतं. त्यात तो लेख होता, बाईंच्याच शब्दांत, त्यांच्याच तक्त्यांसकट. नाव होतं सरांचं आणि त्यांच्या पुतण्याचं. बाईंनी विचारलं तर सरांनी आधी अप्पांबद्दल हळहळ व्यक्त केली, चहा मागवला आणि मग समजावून सांगितलं की गाइडच्या हाताखाली केलेलं काम गाइडचंच असतं, तुझं पुढं बघू. बाईंच्या ओठांवर वाक्य आलं होतं की सर, हे चुकलंय. ते त्यांनी गिळलं, चहा न पिता उठल्या आणि पुढं कितीतरी वर्षं त्या विभागात गेल्या नाहीत. "ते वाक्य मी गिळलं," त्या म्हणाल्या, "म्हटलं, जाऊ दे. चोरी केलीस ना, मग सडक्यासकट ने."

त्यानंतर बाई थांबून राहिल्या. तो लेख कुठल्याशा लहान मासिकातला. जगात त्याच्याकडं कुणी वळून पाहिलं नाही. पण नांदेड-लातूर-परभणीत सर त्यावर मोठे झाले. कॉलेजाकॉलेजात भाषणं झाली, पुतण्याला नोकरी लागली, गौरव झाले. बाईंच्या कानावर प्रत्येक बातमी यायची आणि प्रत्येक बातमीनं त्यांचा चेहरा खुलायचा. मला ते समजत नसे. एकदा विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या की ठेंगण्या भिंतीवरून पडला तर माणूस धूळ झटकून उठतो, त्याला आधी माडीवर चढू दे.

आणि मग अश्विनी पेढे घेऊन आली. उमरीची ही मुलगी बाईंची सगळ्यात लाडकी विद्यार्थिनी. मेडिकलला थोडक्यात हुकली तेव्हा बाईंनीच तिला बी.एस्सी.ला घातलं होतं आणि इंट्रॉनचं वेडही त्यांनीच लावलं होतं. ती पाया पडून म्हणाली की नांदेडला पीएच.डी.ला प्रवेश मिळाला, गाइडही चांगले मिळालेत, आणि तिनं सरांचं नाव सांगितलं. विषय होता करप्याच्या बुरशीत शिरलेले नवे इंट्रॉन. बाईंचा पेढा हातातच राहिला. मग त्यांनी तो खाल्ला, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि नीट जा म्हणाल्या.

ती गेल्यावर मी बाईंशी भांडले. आमच्या ओळखीत तेवढं एकदाच. मी म्हणाले की तिला आत्ताच्या आत्ता सांगा, पोरगी त्या खड्ड्यात चाललीय. बाई पाठमोऱ्या उभ्या राहून ओट्यावरची भांडी पुसत होत्या. त्यांचं म्हणणं, आज सांगितलं तर ती भाबडी पोर सरांना जाऊन सांगेल, सर दोन ओळींची दुरुस्ती छापतील आणि उलट प्रामाणिक म्हणून मिरवतील. आणि पोरगी हुशार आहे, तिला स्वतःलाच सापडेल. मी म्हणाले, आणि नाही सापडलं तर? बाई पुसलेलंच पातेलं पुन्हा पुसत राहिल्या.

अश्विनीला सापडलं, पण त्याची किंमत तिनं भरली. आता जगातल्या असंख्य बुरशींची जनुकं संगणकावर मिळतात. ती ताडून बघायला लागली आणि कशाचा कशाला मेळ बसेना. जिथं तिथं तो इंट्रॉन जुनाच निघे. सर म्हणत, तुझ्या कामात घाण आहे, पुन्हा कर. तिनं पुन्हा केलं, पुन्हा तेच निघालं. सरांनी सगळ्यांसमोर तिला मठ्ठ म्हटलं, तिची शिष्यवृत्तीची सही अडवली. घरचे लग्नाचं बघायला लागले. दिवाळीच्या सुट्टीत ती बाईंच्या स्वयंपाकघरात येऊन बसली तेव्हा निम्मी झाली होती. म्हणाली की बाई, मला हे येत नाही, मी सोडून देते.

मी तिथंच होते. बाईंनी गॅस बंद केला, तिच्यासमोर फरशीवर बसल्या आणि सगळं सांगितलं. अर्धापूर, उदगीर, ते मासिक, तो चहा. तुझं बरोबर आहे आणि ते चूक आहेत, हे त्या दोनदा म्हणाल्या. मला वाटलं, पोरगी आनंदानं रडेल. पण तिनं विचारलं ते वेगळंच.

"मी पेढे घेऊन आले तेव्हा तुम्हाला मालूम होतं?"

"हाव."

"आणि तुम्ही पेढा खाल्ला."

बाईंनी मान खाली घातली नाही. तिच्या डोळ्यांत बघून परत "हाव" म्हणाल्या. अश्विनी उठली, चपला घातल्या. दारातून म्हणाली की ती आता सोडणार नाही, जे खरं आहे ते मांडणार आहे, पण ते बाईंसाठी नाही.

सरांच्या निवृत्तीच्या निमित्तानं विभागात सेमिनार ठेवला होता. हार, शाल, बाहेरगावचे पाहुणे, सगळं होतं. आम्ही दोघी सकाळच्या गाडीनं नांदेडला गेलो आणि शेवटच्या रांगेत बसलो. बाईंनी अप्पांनी घेतलेली जांभळी इरकल नेसली होती. अश्विनीची पाळी दुपारच्या आधी आली. सरांना तिनं दाखवलेल्या स्लाइड वेगळ्या होत्या आणि पडद्यावर आल्या त्या वेगळ्या. ती एकेक जीव, एकेक जागा दाखवत गेली आणि शेवटी म्हणाली की हे इंट्रॉन नवे नाहीत, फार जुने आहेत. आधीचा निष्कर्ष चुकीचा आहे. सर हसतच उठले. पाहुण्यांकडं वळून म्हणाले की मुलगी कच्ची आहे, घाईत आहे, चूक तिची आहे, आपण तिला सांभाळून घेऊ.

तेव्हा बाई उभ्या राहिल्या. मी इतकी वर्षं त्यांना ओळखत होते, मला वाटलं होतं त्या ओरडतील. त्या वर्गात बोलतात तितक्याच शांतपणे बोलल्या.

"पोरीची चूक न्हाई, सर. तुमची पण न्हाई. ती चूक माझी हाय, अर्धापूरच्या पानांवर मी केलेली. मला एवढंच विचारायचंय, माझी चूक तुमच्या नावावर कशी आली?"

सर म्हणाले की या बाई कोण आहेत मला आठवत नाही. पाहुण्यांपैकी एक वयस्कर प्राध्यापिका पुढच्या रांगेत होत्या. त्यांनी सरांना साधाच प्रश्न विचारला, की तुम्ही एवढ्या जनुकांमधून नेमकी हीच का निवडली होती? सरांनी मान वळवून थेट शेवटच्या रांगेकडं, बाईंकडं पाहिलं. अडल्यावर माणूस जसा माहीतगाराकडं बघतो, तसं. त्यांच्या लक्षात यायच्या आत ते होऊन गेलं. बाईंनी उत्तर दिलं, कारणासकट, बागेच्या मालकाच्या नावासकट. पण त्याची आता गरज नव्हती. सगळ्यांनी सरांचं ते बघणं बघितलं होतं.

जेवणाच्या वेळी सर ताट घेऊन बाईंजवळ आले. एकाएकी म्हातारे दिसत होते. हळू आवाजात म्हणाले की तेव्हाच बोलली असतीस तर मी दुरुस्त केलं नसतं का? बाईंनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, चांगलं सावकाश, आणि म्हणाल्या की तुम्ही आत्ताच सांगितलंत ना, मला ओळखत नाही म्हणून. मग त्यांनी माझ्याकडून भजी मागून घेतली.

परतीच्या वाटेवर गाडी अहमदपूरला थांबली. बाईंनी चहा घेतला, परत एक घेतला, माझ्या ताटलीतला वडाही खाल्ला. त्यांचा चेहरा नवरीसारखा झाला होता. मी भीत भीत विचारलं की आता कसं वाटतंय. त्या म्हणाल्या, "लोक खामखा सांगतात, सूड घेऊन समाधान भेटत न्हाई. ज्यांना घेता आला न्हाई ते सांगत असतील. मला भेटलं." बशी खाली ठेवली. मग म्हणाल्या की पोरीनं मात्र आज माझ्याकडं एकदाही पाहिलं नाही.

सरांचं पुढं फारसं काही झालं नाही. एक समिती नेमली, तिच्या बैठका झाल्या, अहवाल कुणी पाहिला नाही. फक्त भाषणांची बोलावणी थांबली आणि गौरवग्रंथ निघायचा तो निघाला नाही. बाईंना समितीशी घेणं नव्हतं. त्यांनी दुसऱ्या दिवसापासून सरांसाठी मागणं बंद केलं, आता त्यांचं ते बघतील म्हणाल्या. अश्विनीला त्या पाहुण्या प्राध्यापिकांनी आपल्याकडं घेतलं. काम नव्यानं उभं करावं लागलं, पण तिची पदवी झाली, नोकरीही लागली.

बाईंशी मात्र ती बोलली नाही. बाईंनी फोन केले, तिनं उचलले नाहीत. दिवाळीला करंज्यांचा डबा पाठवला, तो धुऊन पुसून, रिकामा परत आला. बाईंनी डबा उघडून आत पाहिलं. रिकामा डबा परत देऊ नये एवढी रीत उमरीच्या पोरीला नक्की ठाऊक होती. मी चिडले, म्हणाले की उपकार विसरली. बाईंनी मला तिथंच गप्प केलं. "बरोबर करायलीय ती. तिची वर्षं मी खाल्ली. सरांनी माझी खाल्ली तेव्हा मी त्यांना माफ केलं का? मग तिनं का करावं?" हे म्हणताना त्यांचा आवाज फुटला, आणि राग की माया हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं.

गेल्या पावसाळ्यात बाई वर्गातच खाली बसल्या आणि मग दवाखान्यातून परतल्या नाहीत. जळकोटला, अप्पांशेजारी, शेतात त्यांची समाधी ठरली. लातूर-उदगीरहून कितीतरी डॉक्टर आले होते, सगळे त्यांचेच विद्यार्थी. लिंगायत रीतीप्रमाणे बाईंना बसत्या स्थितीत खाली उतरवलं, विभूती, बेलाची पानं वाहिली. लोक एकेक करून माती टाकत होते तेव्हा मला बांधावर अश्विनी दिसली. मुखेडच्या बाजूनं चिखल तुडवत आली होती, साडी गुडघ्यापर्यंत भरली होती. नात्यातल्या एका म्हातारीनं तिला विचारलं, तू कोण गं अव्वा? ती म्हणाली, विद्यार्थिनी.

मी तिच्याजवळ गेले. तिनं माझ्याकडं न बघता सांगितलं की तिचा राग गेलेला नाही, तो घेऊनच ती आलीय. मी म्हणाले की असू दे. ती पुढं झाली, खाली वाकली आणि मूठ भरून माती टाकली. मग परत वाकली, परत टाकली. लोक थांबून बघायला लागले तरी ती टाकतच राहिली, दोन्ही हातांनी, घाईघाईनं, जोरानं, रडत. शेवटी पुरुषांनी तिला बाजूला घेऊन फावडी उचलली. ती बांधावर उभी राहून हात पदराला पुसत होती. मी पाणी आणायला वळले आणि परत आले तोवर ती निघून गेली होती.